कर्नलमधला चेकसम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोली, रबाळे, महापे आणि इकडे ठाण्यात वागळे इस्टेट. या पट्ट्यात राउटर, फायरवॉल, नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर अशा कामांवर असलेली आम्ही काही मंडळी शनिवारी ऐरोलीत जमतो आणि लिनक्स कर्नलचा नेटवर्कचा कोड एकत्र वाचतो. नव्याने येणाऱ्यांचे चेकसमबद्दलचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. सी भाषा येते आणि टीसीपी-आयपीशी तोंडओळख आहे, एवढं गृहीत धरलंय. कर्नल म्हणजे इथे लिनक्स. फ्रीबीएसडीमध्ये नावं वेगळी आहेत, विचार बराचसा हाच.

चेकसम म्हणजे नक्की कसला हिशेब?

बेरीज. पॅकेट वाटेत बिघडलं का ते पलीकडच्याला कळावं म्हणून त्याच्या ज्या भागाची काळजी घ्यायची त्याचे सोळा-सोळा बिटांचे तुकडे पाडायचे आणि सगळे मिळवायचे. बेरीज ६५५३५ च्या पुढे गेली की वरचा हातचा परत खाली एककात मिळवायचा, आणि शेवटी सगळे बिट उलटे करायचे. शेवटी एकटाच बाइट उरला तर त्याच्यानंतर शून्य धरायचं. टीसीपी, यूडीपी, आयसीएमपी, आयपीव्ही४ चं हेडर, सगळीकडे हीच रीत. ती वेगाने कशी राबवायची हे १९८८ च्या आरएफसी १०७१ मध्ये मांडलंय (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती मांडणारे क्रमांकित दस्तऐवज).

एकदा हाताने करून बघा, मग कोड वाचताना अडत नाही. १९२.१६८.१.१० कडून १०.०.०.५ कडे निघालेलं ६० बाइटांचं टीसीपी पॅकेट घ्या. त्याच्या आयपी हेडरचे दहा तुकडे दशमानात असे: १७६६४ (आवृत्ती आणि हेडरची लांबी), ६० (एकूण लांबी), ७२३८ (ओळख क्रमांक), १६३८४ (तुकडे करू नका हा बिट), १६३९० (टीटीएल ६४ आणि प्रोटोकॉल ६), ० (चेकसमची रिकामी जागा), ४९३२० आणि २६६ (पाठवणाऱ्याचा पत्ता), २५६० आणि ५ (घेणाऱ्याचा पत्ता). बेरीज १०९८८७. त्यातून ६५५३६ गेले, उरले ४४३५१, हातचा एक मिळवला की ४४३५२. ६५५३५ मधून वजा केले की २११८३. हा तुमचा चेकसम.

पलीकडचा काय करतो? तो हे २११८३ धरून सगळेच मिळवतो: १३१०७०. हातचा खाली आणला की ६५५३५, म्हणजे सोळाच्या सोळा बिट एक. उलटे केले की शून्य. शून्य आलं की पॅकेट ठीक.

बेरीज असल्यामुळे ती भोळी आहे, हेही लक्षात असू द्या. दोन तुकड्यांची आपसात अदलाबदल झाली तर तिला पत्ता लागत नाही.

इथरनेटला सीआरसी आहे ना? मग हा दुसरा हिशेब कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा ‘मग बंद करून टाकू या का’ असं असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

इथरनेटचा ३२ बिटांचा सीआरसी, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या शेवटी असलेला तपासणीचा आकडा, चेकसमपेक्षा कितीतरी कडक आहे, पण त्याची हद्द एका तारेपुरती. राउटर आलेल्या फ्रेमचा सीआरसी तपासतो, टाकून देतो, आणि पुढच्या तारेवर फ्रेम सोडताना नवीन काढतो. या दोन्हीच्या मध्ये पॅकेट राउटरच्या मेमरीत पडलेलं असतं, एका बफरमधून दुसऱ्यात जात असतं, डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता कार्ड आणि मेमरी यांच्यातली ने-आण) होत असतं. तिथे एखादा बिट उलटला तर नवा सीआरसी त्या बिघडलेल्या मजकुरावरच काढला जातो आणि पुढच्या प्रत्येक तारेवर ‘सगळं ठीक’ असं सांगत राहतो. पाठवणाऱ्याच्या टीसीपीने काढलेली बेरीज तेवढी टोकापासून टोकापर्यंत जाते. मधल्या यंत्रांच्या पोटात झालेली गडबड पकडणारी, अॅप्लिकेशनच्या खालची, ती एकच तपासणी आहे.

असं खरंच होतं का? होतं. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली खऱ्या नेटवर्कवरची पॅकेटं तपासून मांडलं की सीआरसीतून सुखरूप आलेल्या पॅकेटांपैकी दर ११०० ते दर ३२००० मागे एक टीसीपीच्या चेकसमला नापास होतं. कारणं सापडली ती यजमान संगणकाची, राउटरची, सॉफ्टवेअरची. हेच पार्ट्रिज आरएफसी १०७१ च्या तीन लेखकांपैकी एक आहेत.

तपासणीच नसेल तर काय होतं याचंही उदाहरण आहे. जुलै २००८ मध्ये अॅमेझॉनची एस३ ही साठवणुकीची सेवा काही तास बंद पडली. सर्व्हर आपसात स्वतःच्या अवस्थेचे जे निरोप पाठवायचे, त्यातल्या काहींमध्ये एकेक बिट बिघडला होता. निरोप वाचता येत होता, मजकूर चुकीचा होता. ग्राहकांच्या डेटावर चेकसम होता, या अंतर्गत निरोपांवर नव्हता. चूक सर्व्हरांमधून पसरत गेली आणि शेवटी सगळं थांबवून अवस्था साफ करावी लागली.

पावसाळा लागला की आमच्या साइटवर चेकसमच्या चुका वाढतात. केबलमध्ये पाणी शिरलंय का?

आधी कुठला काउंटर वाढतोय ते बघा. घणसोली-तुर्भे पट्ट्यात जूनपासून बाहेरच्या डब्यांमध्ये ओल धरते हे खरंच आहे, पण ओल्या कनेक्टरची चूक सीआरसीच्या काउंटरमध्ये दिसते. इथटूल या कार्ड हाताळण्याच्या आज्ञेने कार्डाची आकडेवारी काढा, त्यात सीआरसी एरर वाढत असतील तर केबलवाल्याला बोलवा. असली फ्रेम कार्ड स्वतःच टाकून देतं, कर्नलच्या टीसीपीपर्यंत ती पोचतच नाही.

सीआरसी स्वच्छ आणि एनस्टॅटमध्ये (कर्नलचे नेटवर्कचे काउंटर दाखवणारी आज्ञा) ‘टीसीपी इन सीसम एरर्स’ वाढतोय, असं असेल तर केबल खणू नका. बिघाड एखाद्या यंत्राच्या मेमरीत आहे, कार्डाच्या फर्मवेअरमध्ये आहे किंवा वाटेत पॅकेट बदलणाऱ्या एखाद्याच्या कोडमध्ये आहे. तो कोड तुमचाही असू शकतो.

आपले प्रोसेसर लिटल-एंडियन. बेरजेआधी बाइट उलटे करावे लागतात का?

नाही. हातचा गोल फिरून परत येत असल्यामुळे बाइटांचा क्रम उलटा धरला तर बेरीजही तशीच उलटी येते. ती मेमरीत जशीच्या तशी लिहिली की वायरवर बरोबर क्रमाने जाते. म्हणूनच कर्नल सोळा बिटांवर न थांबता ३२ किंवा ६४ बिटांचे मोठे घास घेतो आणि शेवटी घडी घालून सोळावर आणतो. ‘सीसम_पार्शल’ हे फंक्शन बेरीज करतं, ‘सीसम_फोल्ड’ घडी घालून उलटं करतं. घडी न घातलेल्या बेरजेसाठी ‘डब्ल्यूसम’ आणि घातलेलीसाठी ‘सम१६’ असे वेगळे प्रकार ठेवलेत, ते सरमिसळ झाली तर कर्नलचा कोड तपासणाऱ्या स्पार्स या साधनाला पकडता यावी म्हणून. स्पार्सची ही तक्रार कास्ट करून गप्प करू नका.

एसकेबीमधलं ‘आयपी_सम्ड’ काय सांगतं? चार किमती लक्षात राहत नाहीत.

एसकेबी म्हणजे कर्नल पॅकेट ज्या रचनेत सांभाळतो ती. कर्नलमधला चेकसमचा सगळा कारभार तिच्यातल्या या दोन बिटांभोवती फिरतो. पॅकेटच्या हेडरमध्ये जो आकडा आहे त्याची शहानिशा कोणी केली, कितपत केली आणि काय करायचं बाकी आहे, याची ही नोंद आहे. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पॅकेटसाठी अर्थ बदलतो, घोटाळा तिथेच होतो. म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या लिहितो.

येताना ‘चेकसम_नन’ म्हणजे कोणीच काही तपासलेलं नाही, कर्नलने स्वतः बेरीज करून बघावी. ‘चेकसम_अननेसेसरी’ म्हणजे कार्डाने टीसीपी किंवा यूडीपीचा चेकसम तपासला, तो बरोबर आहे, परत बघायची गरज नाही. बोगद्यातून (टनेल, म्हणजे एका पॅकेटच्या पोटात दुसरं) आलेल्या पॅकेटला आतबाहेर दोन चेकसम असतात, तिथे किती थर तपासले हे ‘सीसम_लेव्हल’ सांगतं. ‘चेकसम_कम्प्लीट’ मध्ये कार्ड निकाल देत नाही, बेरीज देतं: इथरनेट हेडरच्या पुढचं सगळं मिळवून आलेला आकडा ‘सीसम’ या जागेत ठेवतं, आणि तुलना कर्नल करतो. कर्नलच्या लोकांना ही पद्धत जास्त आवडते आणि मलाही ती जास्त प्रामाणिक वाटते. कार्डाला प्रोटोकॉल समजण्याची गरज उरत नाही, त्यामुळे उद्या नवीन टनेल आला तरी तीच बेरीज उपयोगी पडते.

जाताना महत्त्वाची किंमत एकच, ‘चेकसम_पार्शल’. टीसीपी म्हणतो, मी फक्त सुरुवात करून ठेवली आहे, ‘सीसम_स्टार्ट’पासून शेवटपर्यंतची बेरीज कार्डाने करावी आणि तिथून ‘सीसम_ऑफसेट’ इतक्या बाइटांवर लिहावी. टीसीपीसाठी हा ऑफसेट १६, यूडीपीसाठी ६. कार्डाला ते जमत नसेल तर पाठवण्याच्या वाटेवर कर्नल ‘एसकेबी_चेकसम_हेल्प’ बोलावून स्वतः बेरीज पुरी करतो. जाताना ‘नन’ म्हणजे काही करायचं बाकी नाही.

आता एक मेख. ‘पार्शल’ येतानाही दिसू शकतं. एकाच यंत्रावरच्या एका व्हर्च्युअल मशीनने दुसरीला पाठवलं की पॅकेट वायरवर जातच नाही, चेकसम कधी पुरा होतच नाही. तिथे कर्नल ते तपासलेलं मानतो, कारण मधे बिघडायला तारच नव्हती.

आणि आयपीव्ही४ च्या हेडरचा चेकसम? तो ‘आयपी_सम्ड’ काहीही असलं तरी कर्नल स्वतः तपासतो. बहुधा वीसच बाइट असतात आणि ते तसेही वाचायचेच असतात.

टीसीपीडंपमध्ये माझं प्रत्येक जाणारं पॅकेट ‘इनकरेक्ट’ दिसतंय. कार्ड बिघडलंय का?

बहुतेक नाही. टीसीपीडंप पॅकेट बघतो ते कार्डाकडे जाण्याआधी. तेव्हा ते ‘पार्शल’ अवस्थेत असतं, चेकसम लिहिण्याचं काम पुढे व्हायचं असतं.

खात्री करायची एक सोपी खूण आहे. एकाच कनेक्शनवरची, एकाच लांबीची चार-पाच जाणारी पॅकेटं स्क्रीनवर एकाखाली एक घ्या आणि ‘इनकरेक्ट’च्या आधीचा आकडा बघा. मजकूर वेगळा असूनही तो आकडा सगळीकडे सारखा दिसेल, आणि बाणापुढे दाखवलेला ‘खरा’ आकडा दर वेळी बदलेल. कारण त्या जागी टीसीपीने फक्त स्यूडो हेडरची बेरीज ठेवलेली असते, ती पत्ते, प्रोटोकॉल आणि लांबी यांवरच ठरते. असं दिसलं की कार्ड निर्दोष. समोरच्या यंत्रावर तेच पॅकेट पकडून बघा, बरोबर असेल.

समोरच्या यंत्रावर येणारं पॅकेटही चुकीचं दिसत असेल तर मात्र खरंच शोधाला लागा. वायरशार्कमध्ये ही तपासणी मुळातच बंद ठेवलेली असते, त्यामुळे तिथे लाल रंग दिसला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

स्यूडो हेडर कशासाठी?

पॅकेट चुकीच्या पत्त्यावर पोचलं तर टीसीपीला कळावं म्हणून. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, प्रोटोकॉल क्रमांक आणि लांबी एवढं बेरजेत धरलं जातं, वायरवर वेगळं जात नाही. आयपीव्ही४ च्या आयसीएमपीला स्यूडो हेडर नाही, आयपीव्ही६ च्या आयसीएमपीला आहे. पोर्ट करताना हे हमखास विसरलं जातं.

राउटर टीटीएल कमी करतो, नॅट पत्ता बदलतो. मग चेकसम नव्याने काढायचा?

नाही, आणि हे कळकळीने सांगतो, कारण चेकसम नव्याने काढणारा कोडही प्रत्येक चाचणीत पास होतो.

जेवढं बदललं तेवढाच फरक चेकसममध्ये मिळवायचा. वरच्या उदाहरणात टीटीएल ६४ चा ६३ झाला की १६३९० चा तुकडा १६१३४ होतो, म्हणजे २५६ ने कमी. चेकसम बेरजेच्या उलट, म्हणून तो २५६ ने वाढतो: २११८३ चा २१४३९. हवं तर सगळी बेरीज पुन्हा करून पडताळा. कर्नलचं ‘आयपी_डिक्रीझ_टीटीएल’ एवढंच करतं, हातचा सांभाळून. सर्वसाधारण सूत्र आरएफसी १६२४ मध्ये आहे, १९९४ चं. त्याआधी १९९० च्या आरएफसी ११४१ मध्ये दिलेलं सूत्र शून्याच्या एका कोपऱ्यात चुकत होतं. जुन्या पुस्तकातून उचललेला कोड असेल तर तो कोणत्या सूत्रावर आहे ते बघून घ्या.

वेग हा यातला छोटा फायदा. मोठा फायदा असा की पॅकेट आधीच बिघडलेलं आलं असेल तर फरक मिळवल्यावरही ते बिघडलेलंच राहतं आणि पलीकडचा टीसीपी ते पकडतो. नव्याने बेरीज काढलीत तर बिघडलेल्या मजकुराला तुम्ही स्वतःच्या हाताने बरोबर चेकसम लावून दिलात. आता जगात कोणालाच ते कळणार नाही, घेणाऱ्या डेटाबेसलाही नाही. नॅटमध्ये तर टीसीपीच्या चेकसमलाही हात लावावा लागतो, कारण पत्ते स्यूडो हेडरमध्ये आहेत. तिथे ‘इनेट_प्रोटो_सीसम_रिप्लेस४’ वापरा. पॅकेट ‘पार्शल’ असलं तर काय आणि ‘कम्प्लीट’ असलं तर काय, हा विचार त्याच्यात केलेला आहे.

यूडीपीत चेकसम शून्य असला तर?

आयपीव्ही४ वर त्याचा अर्थ ‘पाठवणाऱ्याने काढलाच नाही’. हिशेबात खरोखर शून्य आलं तर त्याऐवजी ६५५३५ पाठवतात, या बेरजेत दोन्हींची किंमत एकच. त्यामुळे नॅटमध्ये दोन गोष्टी सांभाळायच्या: आलेला शून्य असेल तर हात लावायचा नाही, आणि फरक मिळवून शून्य झाला तर ६५५३५ लिहायचं. कर्नलमध्ये त्याला ‘सीसम_मँगल्ड_०’ असं नाव दिलंय.

आयपीव्ही६ च्या हेडरला स्वतःचा चेकसमच नाही, म्हणून तिथे यूडीपीला तो सक्तीचा आहे. २०१३ मध्ये आरएफसी ६९३५ ने टनेलपुरती सवलत दिली. तुमचं पॅकेट टनेलचं नसेल तर सवलत तुमची नाही.

ड्रायव्हरमध्ये सरसकट ‘अननेसेसरी’ लावून दिलं तर? वेग वाढतो, चाचण्याही पास होतात.

कृपा करून असं करू नका.

‘अननेसेसरी’ म्हणजे ‘हे तपासलेलं आहे’ अशी पुढच्या सगळ्या कोडला दिलेली ग्वाही. तुमच्या कार्डाने ते खरंच तपासलं असेल तेव्हाच द्यायची. कार्डाला ते पॅकेट समजलं नाही, तुकड्यांमध्ये आलं, अनोळखी प्रोटोकॉल होता: ‘नन’ ठेवा. कार्ड म्हणालं चेकसम चुकीचा आहे, तरीही ‘नन’ ठेवून वर पाठवा, ड्रायव्हरमध्येच टाकून देऊ नका. वरचा कोड स्वतः बेरीज करेल, चूक मोजेल आणि एनस्टॅटमध्ये दाखवेल. ड्रायव्हरमध्ये गुपचूप टाकलेलं पॅकेट शोधताना दुसऱ्या कोणाचे तरी दिवस जातात.

खोटी ग्वाही काय करते हे कंटेनरांच्या व्हेथ ड्रायव्हरने दाखवलं. व्हेथ म्हणजे एका नळीची दोन टोकं. तिच्यात तार नाही, म्हणून तिच्यातून गेलेलं पॅकेट ‘नन’ असलं की ती त्याला ‘अननेसेसरी’ करायची. यजमानावरच निर्माण झालेल्या पॅकेटसाठी ते खपून जायचं. पण पॅकेट बाहेरून खऱ्या कार्डावर आलं, कार्डाला चेकसम चुकीचा दिसला, त्याने नियमाप्रमाणे ‘नन’ ठेवलं, यजमानाने ते नुसतं राउट करून व्हेथकडे ढकललं (राउट करताना टीसीपीचा चेकसम बघत नाहीत), आणि व्हेथने त्यावर ‘अननेसेसरी’चा शिक्का मारला. आतल्या टीसीपीने विश्वास ठेवला, बिघडलेला मजकूर अॅप्लिकेशनच्या हाती गेला. ट्विटरच्या अभियंत्यांना हे सापडलं ते खऱ्या सर्व्हरांवर, आणि २०१६ च्या सुरुवातीला ही हकीकत जाहीर झाली. दुरुस्ती काय होती? व्हेथमधल्या त्या ओळी काढून टाकल्या. जुन्या स्थिर कर्नलांमध्येही ती नेली गेली.

त्या ओळी लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, फुकटची बेरीज वाचवायची होती. म्हणून कोड तपासताना ‘आयपी_सम्ड’ला कुठेही किंमत दिलेली दिसली की थांबा आणि विचारा: ही ग्वाही द्यायला याच्याकडे पुरावा कुठला?

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ‘एचडब्ल्यू सीसम फेल्युअर’ येतंय. पॅकेटं मात्र पडत नाहीत. काय प्रकार?

कार्डाने ‘कम्प्लीट’ म्हणून एक बेरीज दिली, ती जुळली नाही, म्हणून कर्नलने स्वतः बेरीज केली आणि पॅकेट बरोबर निघालं. म्हणजे पॅकेट निर्दोष, बेरीज सदोष. पॅकेट पुढे जातं, पण प्रत्येक वेळी दुप्पट काम होतं आणि लॉग भरत जातो.

महापेतल्या एका लॅबमध्ये आम्ही हे जवळून बघितलं. मोठी फाइल व्यवस्थित जायची, संदेश यायचा तो फक्त परतीच्या, मजकूर नसलेल्या, नुसती पोच देणाऱ्या अॅकवर. टीसीपीचा टाइमस्टँप हा पर्याय नसलेला अॅक म्हणजे इथरनेट १४, आयपी २०, टीसीपी २०, एकूण ५४ बाइट. इथरनेटला सीआरसी सोडून किमान ६० लागतात, म्हणून मागे सहा बाइटांची भरणी होते. कर्नल आयपीच्या लांबीप्रमाणे ती भरणी कापतो आणि कापलेल्या बाइटांची बेरीज कार्डाच्या बेरजेतून वजा करतो. आमच्या कार्डाने भरणी बेरजेत धरलीच नव्हती. भरणी शून्यांची असते तोवर कोणाच्या लक्षात येत नाही, शून्य वजा केलं काय आणि नाही काय. वाटेतला एक जुना स्विच भरणीत कचरा भरत होता. टाइमस्टँप चालू केले की अॅक ६६ बाइटांचा होतो, भरणी नाहीशी, संदेशही नाहीसा. त्यावरूनच धागा सापडला. औषध ड्रायव्हरमध्ये आहे: एवढ्या लहान फ्रेमसाठी ‘कम्प्लीट’ द्यायचं नाही.

दुसरं नेहमीचं कारण तुमचा स्वतःचा कोड. पुढचं हेडर काढलंत, व्हीलॅन किंवा टनेल उतरवलात, आणि ‘सीसम’मधून त्याची बेरीज वजा केली नाहीत. ‘एसकेबी_पुल’ऐवजी ‘एसकेबी_पुल_आरसीसम’ वापरा. हेडर जोडलंत तर ‘एसकेबी_पोस्टपुश_आरसीसम’.

इथटूलने ‘आरएक्स ऑफ’ केलं म्हणजे तपासणी बंद होते?

होत नाही. ती कार्डाकडून प्रोसेसरकडे येते, एवढंच. कार्डावर संशय असेल तेव्हा हा उत्तम प्रयोग आहे: बंद केल्यावर त्रास थांबला तर गुन्हेगार कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. ‘टीएक्स ऑफ’ करताना मात्र लक्षात घ्या की त्यासोबत टीएसओही बंद होतो, कारण मोठ्या पॅकेटचे तुकडे कार्डाने करायचे तर प्रत्येक तुकड्याचा चेकसमही त्यानेच काढायला हवा. वेग धपकन पडेल. तो चेकसममुळे पडला असं समजू नका, टीएसओ गेल्यामुळे पडला.

व्हर्च्युअल मशीनला डीएचसीपीचा पत्ता मिळत नाही. पॅकेट पोचतंय, क्लायंट टाकून देतो.

जुनं दुखणं. यजमानावरचा डीएचसीपी सर्व्हर उत्तर पाठवतो, ते ‘पार्शल’ अवस्थेतच मशीनमध्ये शिरतं. आतला क्लायंट ते पॅकेट सॉकेटवरून कच्चं वाचतो, यूडीपीचा चेकसम स्वतः तपासतो, आणि अर्धवट आकडा बघून फेकून देतो. शहाणा क्लायंट ‘पॅकेट_ऑक्सडेटा’ मागतो. त्यात ‘सीसम नॉट रेडी’ अशी खूण येते, ती दिसली की तपासत नाही. क्लायंट बदलता येत नसेल तर यजमानावर आयपीटेबल्सच्या मँगल टेबलात यूडीपी पोर्ट ६८ साठी ‘चेकसम फिल’चा नियम टाका. तो बेरीज आधीच पुरी करून देतो.

एक्सडीपीत पत्ता बदलतो. तिथे ‘आयपी_सम्ड’ कुठे?

एक्सडीपीचा प्रोग्रॅम पॅकेट येताक्षणी ड्रायव्हरमध्येच चालतो, तिथे एसकेबीच तयार झालेला नसतो. फरकाचा हिशेब तुम्हालाच करायचा, ‘बीपीएफ_सीसम_डिफ’ मदतीला आहे. टीसीच्या, म्हणजे कर्नलच्या ट्रॅफिक कंट्रोलच्या, बीपीएफ प्रोग्रॅममध्ये एसकेबी असतो, तिथे ‘बीपीएफ_एल४_सीसम_रिप्लेस’ वापरा. पत्ता बदलत असाल तर स्यूडो हेडरचा फ्लॅग द्या, पोर्ट बदलत असाल तर देऊ नका. यूडीपी असेल तर शून्याचा फ्लॅगही.

एससीटीपीलाही हेच लागू?

नाही. टीसीपीच्या शेजारच्या या प्रोटोकॉलला बेरजेऐवजी सीआरसी३२सी लागतो, २००२ पासून. आधी अॅडलर-३२ होता. ‘पार्शल’ तिथेही येतं, पण सोबत ‘सीसम_नॉट_इनेट’ हा बिट असतो. तो न बघता साधी बेरीज लिहिलीत तर पॅकेट मेलं.

माझा कोड बरोबर आहे हे तपासू कसं?

सगळ्यात आधी बिघडलेली पॅकेटं मुद्दाम पाठवा. बरोबर पॅकेट पुढे जातं हे प्रत्येक जण बघतो. चुकीचं पॅकेट अडतं का हे फार कमी जण बघतात, आणि व्हेथची चूक अशाच चाचणीने पकडली गेली असती. दोन नेटवर्क नेमस्पेस (एकाच यंत्रावरची वेगवेगळी नेटवर्कं) घ्या, मधे तुमचा कोड ठेवा, पाठवणाऱ्या बाजूला टीसीच्या नेटेमने (नेटवर्कमध्ये मुद्दाम बिघाड घालणारं साधन) ‘करप्ट’ लावा. नेटेम ‘पार्शल’ पॅकेटची बेरीज आधी पुरी करून मग एक बिट उलटतो, त्यामुळे चूक खरी वाटावी अशीच असते. पलीकडे ‘टीसीपी इन सीसम एरर्स’ वाढला पाहिजे, आणि पोचलेल्या फाइलचा शा-२५६ (मजकुरावरून काढलेला ठसा) मूळ फाइलशी जुळला पाहिजे. काउंटर शून्य आणि शा वेगळा, म्हणजे वाटेत कोणीतरी खोटी ग्वाही देतंय.

त्यानंतर विषम लांबीचा मजकूर, एक बाइटाचा मजकूर, भरणी लागणारी छोटी फ्रेम, शून्य चेकसमचं यूडीपी, आयपीव्ही६, आणि व्हीलॅनच्या आत टनेल. शेवटचं सगळे टाळतात, कंटाळवाणं आहे म्हणून. ते टाळू नका.

वाचायला कुठून सुरुवात करू?

‘एसकेबफ’च्या हेडर फाइलमध्ये चेकसमवर एक मोठी टिप्पणी आहे, चारही किमती दोन्ही दिशांनी समजावलेल्या. आधी ती. मग ‘आयपी_डिक्रीझ_टीटीएल’ वाचा, छोटं आहे, वरच्या २५६ च्या हिशेबाशी ताडून बघा. मग ‘एसकेबी_चेकसम_हेल्प’. त्यानंतर एका कंटेनरमधून बाहेरच्या सर्व्हरला एक टीसीपी पॅकेट पाठवा आणि कागदावर लिहून काढा: सॉकेटपासून व्हेथ, ब्रिज, नॅट, कार्ड, आणि परतीच्या वाटेवर कार्डापासून सॉकेटपर्यंत, प्रत्येक टप्प्यावर ‘आयपी_सम्ड’ची किंमत कोणती आणि ती कोणी बदलली. जिथे अडेल तिथला कोड उघडा. तो कागद घेऊन शनिवारी या, त्यावरच बोलू.